मॉथमॅन, एक पूल आणि अडीच मिलिमीटरची भेग

पीएचडी कशात करतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, "ताणाखाली असलेलं पोलाद गंजताना त्याला भेगा कशा पडतात, त्यावर." समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि चहाकडे वळतो. म्हणून हल्ली मी दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. "मॉथमॅन ऐकलंय का?" असं विचारते. मग लगेच गप्पा रंगतात. कुणी यूट्यूबवर व्हिडिओ बघितलेला असतो, कुणी रिचर्ड गिअरचा सिनेमा. लाल डोळ्यांचा, पंख असलेला उंचच उंच माणूस अमेरिकेतल्या एका गावात लोकांना दिसायला लागला, आणि वर्षभरात तिथला पूल कोसळला. म्हणजे तो धोक्याची सूचना द्यायला आला होता! इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते.

पूल कशानं कोसळला, हे मात्र जवळजवळ कुणालाच माहीत नसतं. आणि माझा विषय नेमका तिथं सुरू होतो.

तर आज या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते. एक पंखवाल्या प्राण्याची आणि दुसरी पोलादाच्या एका पट्टीची. ही गोष्ट आज ज्या क्रमानं सांगितली जाते, त्या क्रमानं ती घडलेली नाही. तो क्रम कुठे आणि कसा बदलला हे नीट बघितलं, की माणसं अशा गोष्टी का सांगतात, हेही थोडंफार उलगडतं.

नोव्हेंबर १९६६

वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ओहायो आणि कनावा या दोन नद्यांच्या संगमावर पॉइंट प्लेझंट नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या उत्तरेला काही मैलांवर दुसऱ्या महायुद्धात टीएनटी हे स्फोटक बनवण्याचा मोठा कारखाना होता. युद्ध संपलं, कारखाना बंद झाला. मागे उरले ते स्फोटकं साठवायला बांधलेले काँक्रीटचे घुमट. विमानातून दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर माती आणि गवत घातलेलं होतं. लोक त्या भागाला 'टीएनटी एरिया'च म्हणत. कारखाना गेल्यावर यातल्या बऱ्याच जमिनीचं वन्यजीव क्षेत्र झालं. तिथं तळी आहेत, दलदल आहे, दाट झाडी आहे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री दोन तरुण जोडपी एका गाडीतून या भागात फिरत होती. त्यांना रस्त्याजवळ काहीतरी दिसलं. माणसाएवढं किंवा त्याहून उंच, करड्या रंगाचं, पाठीशी पंख मिटलेले, आणि डोळे लालभडक. घाबरून त्यांनी गाडी गावाकडे पिटाळली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गाडी ताशी १०० मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या वेगानं धावत होती आणि तरीही ते उडत मागे येत राहिलं. चौघंही थेट पोलिसांकडे गेले. दुसऱ्या दिवशी गावातल्या पेपरात बातमी आली. त्या बातमीच्या मथळ्यातच चाचपडणं दिसतं: पक्षी म्हणावं, प्राणी म्हणावं, की आणखी काही?

त्या पहिल्या बातमीतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ते लाल डोळे गाडीचा उजेड पडला तेव्हाच चमकत होते, असं त्यांनी सांगितलं होतं. पुढे गोष्ट हजारदा सांगितली गेली तसतसा हा तपशील गळून गेला आणि डोळे आपले आपणच पेटायला लागले.

आणि 'मॉथमॅन' हे नाव? मॉथ म्हणजे पतंग, दिव्याभोवती फिरतो तो. पण त्या चौघांपैकी कुणी पतंगाचं नावसुद्धा काढलं नव्हतं, त्यांचा भर पक्ष्यावर होता. हे नाव पेपरवाल्यांनी दिलं. १९६६ च्या जानेवारीपासून अमेरिकेत टीव्हीवर 'बॅटमॅन' मालिका सुरू झाली होती आणि ती तुफान चालली होती. बॅटमॅनच्या चालीवर मॉथमॅन. नाव चटकदार होतं. बातमी राज्याबाहेर गेली. मग रोज रात्री टीएनटी एरियात गाड्यांची रांग लागायला लागली. काही लोक तर बंदुका घेऊन आले. आणि इतके लोक अंधारात, घाबरलेल्या मनानं, एकच गोष्ट शोधत फिरायला लागल्यावर ती दिसल्याच्या बातम्या वाढल्या नसत्या तरच नवल.

असं पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. १९०९ च्या जानेवारीत न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या परिसरात 'जर्सी डेव्हिल' नावाच्या पंखवाल्या प्राण्यानं आठवडाभर धुमाकूळ घातला, म्हणजे पेपरांत घातला. त्याच्या गोष्टी त्याआधीही सांगितल्या जात होत्या, पण त्या आठवड्यात गावोगावच्या बातम्या एकमेकींवर चढत गेल्या. नंतर फिलाडेल्फियातल्या एका तमाशाघरात 'पकडलेला डेव्हिल' पैसे घेऊन दाखवलासुद्धा गेला. तो होता एक कांगारू, त्याला खोटे पंख लावले होते!

तो पक्षी कोणता?

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले वन्यजीवतज्ज्ञ रॉबर्ट स्मिथ यांनी त्याच दिवसांत एक शक्यता सांगितली होती: सँडहिल क्रेन. हा आपल्या गोंदियाकडच्या सारसाचा सख्खा चुलतभाऊ. उंच, करडा, पंख पसरले की दोन मीटरच्या आसपास, आणि डोळ्यांपाशी लालभडक कातडी. तो सहसा त्या भागात येत नाही, पण स्थलांतरात वाट चुकून येऊ शकतो. तिथल्या शेरीफला तो मोठा बगळा वाटला. पुढे अनेक वर्षांनी जो निकेल या अभ्यासकानं बार्ड आऊल या घुबडाकडे बोट दाखवलं. रात्री गाडीचा किंवा टॉर्चचा झोत थेट डोळ्यांत गेला की या घुबडाचे डोळे लाल चमकतात. मांजराचे हिरवट चमकतात ना, तसंच. डोळ्यांत शिरलेला उजेड आतल्या पडद्यावरून उलटा फिरून आपल्याकडे येतो. उजेड नसेल तर चमकही नाही. पहिल्या बातमीतला तो तपशील आठवला?

"पण घुबड माणसाएवढं कुठे असतं?" हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. एखादी वस्तू केवढी आहे हे आपला मेंदू दोन गोष्टींवरून ठरवतो: ती डोळ्याला केवढी दिसते, आणि ती किती लांब आहे असं आपल्याला वाटतं. दिवसा झाडं, खांब, माणसं आजूबाजूला असतात म्हणून अंतराचा अंदाज बरोबर येतो. मिट्ट काळोखात फक्त दोन चमकते डोळे आणि एक धूसर आकृती असेल तर अंतर कळायला काहीच आधार नसतो. दहा मीटरवरचं घुबड तीस मीटरवर आहे असं वाटलं, तर ते आपोआप तिप्पट मोठं वाटणार. उंच फांदीवर किंवा भिंतीच्या टोकावर बसलं असेल तर 'उंची' आणखी वाढली.

याचा अर्थ ती चौघं खोटं बोलली असा अजिबात नाही. मला तरी ती प्रामाणिक वाटतात. खोटं बोलणारा माणूस रात्री स्वतःहून पोलिसांकडे जात नाही. त्यांनी काहीतरी पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. आणि ते जिथं पाहिलं, ते पक्ष्यांसाठीच राखलेल्या जागेच्या आसपास होतं.

आपल्याकडे यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे म्हणा! टिटवी रात्री ओरडली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा चेहरा अजूनही बदलतो. घुबड घरावर बसलं की अशुभ. आणि पहाटे दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा तर त्या छोट्या घुबडाच्याच नावानं ओळखला जातो, कारण त्याला त्या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. रात्रीचा पक्षी आणि पुढे घडणारं वाईट यांचं नातं जोडायला पॉइंट प्लेझंटला जायची गरज नाही.

साक्ष आणि तारीख

ज्या प्राण्यांच्या असण्याचा पक्का पुरावा नाही, त्यांचा माग काढण्याला क्रिप्टोझूऑलॉजी म्हणतात. बर्नार्ड ह्युवेलमन्स या प्राणिशास्त्रज्ञाचं १९५५ सालचं फ्रेंच पुस्तक या क्षेत्राचा पाया मानलं जातं. विज्ञानातली मंडळी या नावाला हसतात. मीही हसायचे. पण हरवलेला प्राणी सापडणं ही काही अशक्य गोष्ट नाही. उलट त्याचं एक झकास उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे, आणि तेही घुबडाचंच.

रानपिंगळा हे छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं सापडलंच नव्हतं. १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळाल्याची नोंद होती, रिचर्ड माइनर्टझाहागेन या ब्रिटिश कर्नलच्या नावावर. पामेला रासमुसेन या संशोधिकेनं संग्रहालयांतले जुने नमुने तपासले तेव्हा लक्षात आलं, की ही नोंदच बनावट आहे. कर्नलसाहेबांनी दुसऱ्याच कुणाचा तरी जुना नमुना चोरून त्यावर नवी तारीख आणि नवी जागा चिकटवली होती. खोटी नोंद बाजूला काढल्यावर कुठे शोधायचं हे स्पष्ट झालं. नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा दिसला. दिवसाढवळ्या, फांदीवर बसलेला. तब्बल ११३ वर्षांनी!

ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. तो पक्षी सापडला त्यात पायपीट होती आणि नशीबही होतं, पण सगळ्यात आधी केलेलं काम होतं तारखा तपासण्याचं. कोणती नोंद कधीची? ती त्याच वेळी केलेली आहे, की नंतर चिकटवलेली? मॉथमॅनच्या गोष्टीलाही हाच प्रश्न विचारायचाय. पण त्याआधी पुलाकडे जाऊ.

१५ डिसेंबर १९६७

पॉइंट प्लेझंटहून ओहायो नदी ओलांडून पलीकडच्या ओहायो राज्यात जाणारा पूल १९२८ मध्ये बांधलेला होता. त्याला ॲल्युमिनिअमचा चंदेरी रंग दिला होता म्हणून नाव पडलं सिल्व्हर ब्रिज. झुलता पूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड तारांचे दोर येतात. या पुलाला दोर नव्हते. त्याला होत्या पोलादी पट्ट्यांच्या साखळ्या. पंधराएक मीटर लांब, सुमारे ३० सेंटीमीटर रुंद आणि ५ सेंटीमीटर जाड अशी एक पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना भोक. इंजिनिअर त्या भोकाला 'डोळा' म्हणतात आणि पट्टीला आयबार. अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी ठेवायच्या, त्यांच्या डोळ्यांतून जाडजूड पिन घालायची आणि पुढच्या दोन पट्ट्या त्याच पिनेत अडकवायच्या. सायकलच्या चेनचा एक तुकडा खूप मोठा करून बघा, तसंच दिसेल.

शुक्रवारची संध्याकाळ होती. पाच वाजत आले होते, कामावरून घरी जायची वेळ. नाताळ दहा दिवसांवर, त्यामुळे खरेदीची गर्दी. थंडी गोठवणारी. पुलावर ३७ गाड्या होत्या. अचानक पूल पश्चिमेकडून, म्हणजे ओहायोच्या बाजूनं, मोडायला लागला आणि साधारण एका मिनिटात सगळाच्या सगळा खाली आला. ३१ गाड्या पुलाबरोबर पडल्या. ४६ माणसं गेली. त्यातल्या दोघांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत.

छोट्या गावात ४६ म्हणजे काय, याचा विचार करा. प्रत्येक घराच्या ओळखीचं कुणी ना कुणी त्यात होतं.

ती भेग

अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ त्याच वर्षी स्थापन झालं होतं. त्याच्याकडे आलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी हे एक. नदीतून पुलाचे तुकडे काढले, जवळच्या मोकळ्या मैदानावर मांडले आणि जिगसॉ पझलसारखा पूल जमिनीवर पुन्हा जुळवला. कुठला तुकडा वाकून तुटलाय आणि कुठला न वाकताच सरळ फुटलाय, हे बघत बघत तपास एका पट्टीपाशी येऊन थांबला. क्रमांक ३३० ची आयबार. तिच्या डोळ्याच्या आतल्या कडेला एक जुनी, गंजलेली भेग होती. खोली ०.१ इंच. म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटर.

पाच सेंटीमीटर जाडीच्या पोलादात अडीच मिलिमीटरची भेग! तेवढ्यानं पूल पडतो?

शाम्पूची पुडी आठवा. मधूनच फाडायला गेलात तर दात लावावे लागतात. पण कडेला ती इवलीशी खाच असते ना, तिथं धरलं की एका झटक्यात फाटते. खाच छोटीच असते, पण सगळा ताण तिच्या टोकावर गोळा होतो. पोलादाचंही तसंच. आता पोलाद चिवट असेल तर ते थोडं ताणलं जातं, भेगेचं टोक बोथट होतं आणि भेग बराच काळ दम धरते. पण या पट्ट्यांचं पोलाद उष्णता देऊन जास्त बळकट केलेलं होतं. म्हणजे कमी पोलादात जास्त भार, पर्यायानं कमी खर्च. असं पोलाद बळकट असतं, पण तेवढं चिवट नसतं. त्यात थंडीनं ते आणखी ठिसूळ होतं. मग भेग किती मोठी झाल्यावर 'आता फुटणारच' अशी वेळ येते, ती मर्यादा फार लहान होते. या पट्टीच्या बाबतीत ती मिलिमीटरांत होती.

भेग वाढली कशी? इथं माझा विषय येतो. नुसता ताण असता तर पट्टीनं तो सोसला असता. नुसता गंज असता तर वरचा पातळ थर गेला असता, त्यानं पूल पडत नाही. पण ताण आणि गंज दोघं एकत्र आले की भलतंच घडतं. ताण भेगेचं टोक उघडं ठेवतो, ओलावा त्या टोकाशी पोचतो, टोक गंजून किंचित पुढे सरकतं, आणि पुन्हा नवं पोलाद उघडं पडतं. वर्षाला केसाच्या जाडीपेक्षाही कमी वाढ. याला आम्ही ताण-गंज म्हणतो. शिवाय पुलावरून गाडी गेली की ताण कमी-जास्त होतो, त्याचीही भर पडते. पूल बांधला तेव्हा गाड्या हलक्या होत्या. चाळीस वर्षांत मोटारी जड झाल्या, मालट्रक तर कित्येक पटींनी वजनदार झाले. पूल तोच राहिला.

दोनच पट्ट्यांची जोडी असल्यामुळे एक तुटल्यावर सगळा भार दुसरीवर आला, तीही पिनेवरून निसटली, साखळी सुटली. साखळीवर पूल आणि मनोरे दोन्ही एकमेकांचा तोल सांभाळून उभे होते. एक कडी गेली आणि सगळंच गेलं. जोडीऐवजी चार किंवा सहा पट्ट्या असत्या, तर एक तुटूनही पूल कदाचित उभा राहिला असता.

क्रम कुठे बदलला?

आता तारखा लावून बघू. नोव्हेंबर १९६६: टीएनटी एरियात मोठा पक्षी दिसल्याच्या बातम्या. त्यात पूल नाही, अपघात नाही, सूचना नाही. डिसेंबर १९६७: पूल कोसळला. १९७५: जॉन कील या न्यूयॉर्कच्या लेखकाचं 'द मॉथमॅन प्रॉफेसीज' हे पुस्तक. पक्षी आणि पूल यांची गाठ सगळ्या जगासमोर पक्की बांधली ती या पुस्तकानं.

कील १९६६ च्या अखेरीपासून गावात येत-जात होता, लोकांशी बोलत होता. भविष्य ऐकल्याचा दावाही तो करतो. पण त्याच्याच पुस्तकातलं ते भविष्य काय होतं, हे बघण्यासारखं आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन १५ डिसेंबरला व्हाइट हाउसजवळच्या नाताळच्या झाडावरचे दिवे लावतील आणि त्याच क्षणी मोठ्या प्रदेशातली वीज जाईल, असं त्याला कळलं होतं म्हणे. तो न्यूयॉर्कमध्ये टीव्हीसमोर वाट बघत बसला. बटण दाबलं गेलं. दिवे लागले. वीज कुठेही गेली नाही. आणि थोड्या वेळानं बातमी आली, ओहायो नदीवरचा पूल पडला.

म्हणजे भविष्य चुकलं होतं! पण तारीख जुळली, त्यामुळे चुकलेलं भविष्य बाजूला पडलं आणि घडलेली दुर्घटना त्या जागी येऊन बसली. रानपिंगळ्याच्या नमुन्यावर नवी चिठ्ठी चिकटवावी, तसंच. फरक एवढाच, की इथं फसवणूक असायचं काही कारण नाही. मन हे काम आपण होऊन करतं.

गाठ बसल्यावर जुन्या गोष्टीही त्यात ओवल्या गेल्या. १७७७ मध्ये शॉनी लोकांचा प्रमुख कॉर्नस्टॉक याला याच ठिकाणच्या किल्ल्यात अडकवून ठेवलं आणि गोऱ्या सैनिकांनी ठार मारलं, त्याच्या मुलासकट. तो लढायला आलेला नव्हता. हा इतिहास आहे. त्यानं मरताना या भूमीला शाप दिला आणि त्या शापातून मॉथमॅन आला, ही पुढच्या पिढ्यांनी सांगितलेली गोष्ट. मला यातली एक गोष्ट खटकते. शापाची गोष्ट कॉर्नस्टॉकला गूढ बनवते आणि त्याला कुणी मारलं, हा साधा प्रश्न मागे पडतो. पुलाचंही तसंच होतं. सूचना कुणी दिली यावर तासन् तास चर्चा, पट्टी क्रमांक ३३० कुणाला ठाऊक नाही. २००२ मधल्या सिनेमात तर मेलेल्यांचा आकडासुद्धा बदलला. ४६ चे ३६ झाले.

कुणाला दिसलं असतं?

एवढं लिहून मी थांबले असते, तर लेखाचं तात्पर्य 'लोक अंधश्रद्धाळू असतात' एवढंच झालं असतं. पण चौकशी अहवाल वाचताना एका ठिकाणी मी अडकले. अहवाल म्हणतो, की ती भेग अशा जागी होती, जिथं सांधा पूर्ण सुटा केल्याशिवाय ती तेव्हाच्या कोणत्याही तपासणीच्या पद्धतीनं सापडली नसती. डोळ्याच्या आत, पिनेच्या मागे. आणि सांधा सुटा करायचा म्हणजे पूलच सुटा करायचा. शिवाय १९२७ मध्ये, पुलाचा आराखडा झाला तेव्हा, अशा पोलादाला गावाकडच्या साध्या हवेत ताण-गंजानं भेग पडू शकते, हे कुणाला माहीतच नव्हतं.

म्हणजे अहवालाचं म्हणणं असं, की ही भेग कुणालाच दिसली नसती.

आता हे वाक्य त्या गावातल्या माणसाच्या कानांनी ऐका. तुमची बायको, तुमचा मुलगा, तुमचा शेजारी त्या गाडीत होता. आणि सरकार सांगतंय, की अडीच मिलिमीटरची भेग होती, ती कुणाला दिसू शकत नव्हती. हे खरं आहे, पण ते घेऊन जगायचं कसं? मला वाटतं, मॉथमॅनची गोष्ट या रिकाम्या जागेत जाऊन बसली. ती म्हणते, नाही, कुणाला तरी दिसलं होतं. लाल डोळ्यांचं कुणीतरी वर्षभर आधीपासून सांगत होतं, आपल्यालाच कळलं नाही. जगात अडीच मिलिमीटरला ४६ जीव जातात यापेक्षा, आपण एक इशारा ऐकला नाही, हे मान्य करणं माणसाला सोपं जातं. म्हणून मी या गोष्टीला आता हसत नाही.

पण त्याच अहवालाला दुसरं उत्तरही मिळालं, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. पॉइंट प्लेझंटच्या वरच्या बाजूला, सेंट मेरीज इथं याच धाटणीचा जुळा पूल होता. तो बंद केला आणि १९७१ मध्ये पाडून टाकला. १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९७१ पासून देशभर एकसारखे नियम आले: महामार्गांवरच्या पुलांची दर दोन वर्षांनी तपासणी, तीही प्रशिक्षित माणसांकडून, लेखी नोंदीसह. आणि इंजिनिअरांनी आराखड्याकडे नव्यानं बघायला सुरुवात केली. एक भाग तुटला तरी पूल उभा राहील का? जो भाग तुटल्यावर सगळं पडेल, असा एखादा भाग आहे का? असेल तर तो आधी ओळखा, त्याच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. भेग दिसणार नाही हे गृहीत धरून बांधा, असं म्हणा हवं तर.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, रात्रीच्या अंधारात दोन एसटी बसगाड्या गेल्या, तेव्हा सगळीकडे एकच प्रश्न विचारला गेला: पुलाची शेवटची तपासणी कधी झाली होती? आज हा प्रश्न आपल्याला इतका साधा वाटतो, की तो विचारायलाही कुठेतरी शिकावं लागलं असेल हे लक्षात येत नाही. अमेरिकेत तरी तो देशभर सक्तीनं विचारायला लागले ते सिल्व्हर ब्रिजनंतर.

पॉइंट प्लेझंटमध्ये आज दर सप्टेंबरला मॉथमॅन महोत्सव भरतो, २००२ पासून. लांबलांबून लोक येतात, छोट्या गावाला चार पैसे मिळतात. भर चौकात २००३ पासून त्याचा पुतळा उभा आहे, पंख पसरलेला, लाल डोळ्यांचा. लोक त्याच्याशी फोटो काढतात. जुना पूल जिथून सुरू व्हायचा तिथं ४६ नावांचं स्मारकही आहे. पुतळा स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे गंजाची फार काळजी नाही.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ही गोष्ट सांगायला लागलं तर जरूर ऐका, मस्त गोष्ट आहे. फक्त शेवटी पट्टी क्रमांक ३३० तेवढी सांगायला विसरू नका.